सबुरीलाही इफ्तार हवा

रमजानमध्ये जनरल शिफ्ट सुटली की वाळूजहून शहराकडे येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. कुणाच्या पिशवीत खजुराची पुडी असते, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. बस नगर नाक्याच्या गर्दीत अडकली की मोबाइलवर इफ्तारची वेळ पुन्हा एकदा पाहिली जाते. शेजारी बसलेला, रोजा नसलेला सहकारीही विचारतो, "अजून किती मिनिटं?" उत्तर मिळते, "सात." दिवसभराची भूक-तहान सोसणे त्यामुळे सोपे जाते. ती केव्हा संपणार हे ठाऊक असते.

याच बसमध्ये असाही एखादा तरुण बसलेला असतो, ज्याच्या सोसण्याची वेळ कोणत्याही वेळापत्रकात छापलेली नाही. साहेब चारचौघांत आईबहिणीवरून बोलतो. सात तारखेचा पगार वीस तारखेला होतो. आजारपणाची सुट्टी मागितली तर 'उद्यापासून येऊच नको' असे ऐकावे लागते. तो घरी येतो, दस्तरखानावर बसतो, खजूर तोंडात टाकतो. रोजा सुटतो, बाकीचे तसेच राहते. घरात चुकून बोललाच, तर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते, "सब्र कर बेटा. नोकरी आहे, निभावून ने."

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्याने स्वतःही आयुष्यभर असेच निभावलेले असते. 'सब्र' या शब्दाला मराठीनेही 'सबुरी' म्हणून आपल्या घरात जागा दिली आहे. पण या शब्दाचा जेवढा गैरवापर नोकरीच्या बाबतीत होतो, तेवढा क्वचितच दुसरीकडे होत असेल. जाच करणाऱ्याला कोणी काही सांगत नाही; सोसणाऱ्याला मात्र सगळे सबुरी शिकवतात. रमजान हा सब्रचा महिना मानला जातो. म्हणूनच सबुरीची हद्द कुठे संपते आणि नोकरी सोडणे केव्हा रास्त ठरते, हा प्रश्न याच महिन्यात विचारायला हवा.

रोजाचा हिशेब

रोजाची रचनाच नीट पाहिली तर अर्धे उत्तर मिळते. रोजाला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. सहेरी घेऊन रोजा धरावा, सूर्य मावळल्यावर तो सोडायला उशीर करू नये, अशी शिकवण आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुरआनने सूट दिली आहे. सुटलेले दिवस त्याने पुढे सवडीने भरून काढावेत. काही सहाबींना इफ्तार न करता एका दिवसाचा रोजा दुसऱ्या दिवसाला जोडावासा वाटला, तेव्हा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना तसे करण्यास मनाई केली. अशा सलग रोजाला 'विसाल' म्हणतात.

थोडक्यात, ज्या इबादतीचा पायाच सब्र आहे, तिथेसुद्धा शेवट नसलेले सोसणे मान्य नाही. शरीराची ताकद, तब्येत, प्रवास या सगळ्याचा विचार तिथे आहे. मग अल्लाहसाठी केलेल्या उपवासाला जी मर्यादा आहे, ती एखाद्या मॅनेजरच्या रागाला का नसावी? साहेबाचा अपमान सोसत राहणे ही इबादत कधीपासून झाली?

दोन लेकी, दोन आया

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत अशा दोन घटना घडल्या, ज्यांनी हा प्रश्न घराघरांत नेला.

पहिली 2019 सालची. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. आदिवासी तडवी भिल्ल मुस्लिम समाजातून इतक्या पुढे आलेली ही लेक. 22 मे 2019 रोजी तिने आपले आयुष्य संपवले. वय 26. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांनी जातीवरून तिचा छळ केल्याचा आरोप कुटुंबाने केला. आरोपींनी तो नाकारला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. पण आई आबेदा तडवी यांच्या लढ्यातून एक गोष्ट सगळ्यांसमोर आली. मुलीने आपला त्रास घरी सांगितला होता. घर तिच्या पाठीशी होते. तरीही इतक्या कष्टाने मिळवलेली जागा सोडून यायची कशी, हा प्रश्न अशा प्रत्येक मुलीसमोर डोंगरासारखा उभा असतो.

दुसरी घटना पुण्याची. केरळची अ‍ॅना सेबॅस्टियन ही तरुण सीए मार्च 2024 मध्ये अर्न्स्ट अँड यंगच्या पुणे कार्यालयाशी संबंधित कामावर रुजू झाली. चार महिन्यांनी, 20 जुलैला, तिचा मृत्यू झाला. तिचेही वय 26. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. रात्री उशिरापर्यंत आणि रविवारीही काम, झोप नाही, जेवणाची वेळ नाही, असे आईने त्यात लिहिले होते. छातीत जडपणा वाटतो म्हणून डॉक्टरांना दाखवल्यावरही मुलगी कामावरच गेली, कारण काम खूप आहे, सुट्टी मिळणार नाही, असे तिला वाटत होते. आईवडिलांनी तिला नोकरी सोडण्याचा सल्लाही दिला होता; तिला मात्र अजून शिकायचे होते. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला, हे कंपनीने मान्य केले नाही. त्यानंतर राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली. ते कार्यालय 2007 पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीशिवाय चालू होते, असे तेव्हा समोर आले.

त्याच पत्रातला आणखी एक तपशील विसरता येत नाही. या टीममधून बरेच जण राजीनामा देऊन गेले होते. तिथे रुजू झालेल्या अ‍ॅनाला सांगण्यात आले की, तू टिकून राहा आणि आमच्या टीमविषयीचे लोकांचे मत बदलून दाखव. ज्या घरातून सगळे पळून जातात, ते घर चांगले असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या सुनेवर टाकावी, तसा हा प्रकार. मेहनती आणि गुणी माणसे नेमकी इथेच अडकतात. सोडून जाणे म्हणजे हरणे, असे त्यांना वाटते.

आपल्या शहरातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली पुणे, मुंबई, हैदराबादला नोकरीसाठी जातात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत हजारो जण पाळ्यांमध्ये काम करतात. या दोन लेकींच्या गोष्टी त्यांच्या घरांपासून फार लांब नाहीत.

कष्ट वेगळे, जाच वेगळा

प्रत्येक कठीण नोकरी वाईट नसते, हेही तितकेच खरे. नवे काम शिकताना ओरडा बसतो. ऑडिटच्या दिवसांत, मालाची ऑर्डर निघायची असते तेव्हा उशीर होतो. कडक शिस्तीचा साहेब पुढे आयुष्यभर दुवा घेतो, अशीही उदाहरणे या शहराच्या टूल रूममध्ये आणि वर्कशॉपमध्ये भरपूर सापडतील. तेव्हा कष्ट आणि जाच यांत फरक करता यायला हवा.

कष्टाला कारण असते आणि शेवट असतो. जाचाला दोन्ही नसतात. कष्टाने माणूस थकतो, पण हातात काहीतरी शिकलेले उरते. जाचाने आधी येत असलेले कामही चुकायला लागते. चुकीबद्दल बोलणी बसणे हे कष्टात मोडते. बापाचे नाव, जात, धर्म, गाव, बोली किंवा दाढी-हिजाबवरून बोलणी बसणे हा जाच आहे. एखाद्या महिन्यात पगार उशिरा होणे ही अडचण असू शकते. दर महिन्याला मागून घ्यावा लागणे हा जाच आहे. आणि खोटे बिल कर, खोटा रिपोर्ट लिही, ग्राहकाला फसव, असा हुकूम येत असेल तर तिथे सबुरीचा प्रश्नच उरत नाही. तिथला पगार घरात बरकत आणत नाही, हे आपल्याकडचे जुने शहाणपण आहे.

शरीर तर सगळ्यात आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट' म्हणजे कामाने माणूस पोखरला जाण्याच्या तीन खुणा नोंदवल्या. शक्ती संपून जाणे, कामाविषयी तिटकारा किंवा परकेपणा वाटणे आणि पूर्वी जमत असलेले काम न जमणे. हीच संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारच्या विचाराने पोटात गोळा येत असेल, साहेबाचा फोन वाजला की हात थरथरत असतील, घरी मुलांवर विनाकारण हात उगारला जात असेल, तर माणसाने आपला रोजा किती लांबला आहे हे पाहायला हवे. आणि मनात जगणे नको असा विचार डोकावला, तर त्या दिवशी नोकरीचा हिशेब बाजूला ठेवून आधी माणसाशी बोलायचे. घरात, मित्राशी, किंवा सरकारच्या 'टेलिमानस' या मोफत हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर. कोणतीही नोकरी जिवापेक्षा मोठी नाही.

पाय का अडखळतो

हे सगळे कळूनही माणूस सोडत नाही, याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. घरात एकटाच कमावता असतो. बहिणीचे लग्न, दुचाकीचा हप्ता, अम्मीची औषधे, मुलांची फी. ठेकेदाराकडचे काम असेल तर हातात नेमणुकीचे पत्रही नसते. 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणून दिवस ढकलले जातात, 'आगीतून फुफाट्यात' पडण्याची भीती असतेच. मुस्लिम तरुणाच्या मनात आणखी एक गोष्ट असते, जी तो उघड बोलत नाही. अर्जावरचे नाव वाचून पुढचा दरवाजा उघडेल की नाही? ही शंका खोटी आहे असे सांगून तिची समजूत निघत नाही.

पण या भीतीमुळे एक गफलत होते. नोकरी देणारा आणि रोजी देणारा एकच, असे माणूस मानू लागतो. श्रद्धा तर वेगळेच शिकवते. रिज्क देणारा अल्लाह आहे. मालक, साहेब, ठेकेदार हे फक्त निमित्त. हे वाक्य कामावर अवलंबून असलेल्या माणसाला आळशी करण्यासाठी नाही. त्याची मान ताठ राहावी यासाठी आहे.

हजरत मूसा (अ.) यांची कुरआनमधली कथा इथे आठवण्यासारखी आहे. मिस्रमधून जीव वाचवून ते मदयनला पोहोचले. तिथे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना कामावर ठेवले. बरेच भाष्यकार त्यांना हजरत शुऐब (अ.) मानतात. त्या वेळी झालेला करार पाहण्यासारखा आहे. आठ वर्षे काम करायचे. दहा पूर्ण केली तर ती कामगाराची मर्जी. मालकाने आपण होऊन सांगितले की, त्याला कामगारावर कष्ट लादायचे नाहीत. आणि हजरत मूसांनीही स्पष्ट केले की, दोन्हीपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी पुढे आपल्यावर सक्ती असू नये. परक्या मुलखात, हातात काही नसलेला माणूस, आणि तरीही नोकरीच्या पहिल्याच दिवशी सोडून जाण्याचा हक्क बोलून ठेवतो. उपकाराच्या ओझ्याखाली तोंड मिटून बसत नाही.

हिजरतची तयारी

सब्रचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून मक्केतल्या 13 वर्षांचा दाखला दिला जातो. तो खराच आहे. पण तेवढाच दाखला देऊन थांबणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे. त्या 13 वर्षांच्या शेवटी हिजरत आहे. आणि त्याच्याही आधी, इ.स. 615 च्या सुमारास, ज्यांच्यावर सर्वाधिक जुलूम होत होता, त्यांच्यापैकी अनेकांना प्रेषितांनी हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला, न्यायी राजाच्या आश्रयाला जायला सांगितले. ज्यांना सोसवत नव्हते, त्यांना 'अजून सब्र करा' एवढेच सांगून थांबवले गेले नाही.

मदीनेच्या हिजरतचा तपशील तर नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. हजरत अबूबक्र (र.) यांनी दोन उंटिणी प्रवासासाठी चार महिने आधीपासून चारा घालून तयार ठेवल्या होत्या. वाट दाखवायला अब्दुल्लाह बिन उरैकित हा माहीतगार मोबदला देऊन नेमला. तो मुस्लिम नव्हता, पण भरवशाचा होता आणि रस्ता जाणत होता. सौर गुहेत तीन दिवस थांबले, तेव्हा शहरातल्या बातम्या आणणारा माणूस ठरलेला होता, शिदोरी देणारी हजरत अस्मा (र.) होत्या. आणि ज्या मक्केने जगणे अवघड केले होते, त्याच मक्केच्या लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवले गेले.

आजच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे. रागाच्या भरात, तेही रोजाच्या उतरत्या दुपारी, साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटणे ही हिजरत नाही. उंटिणी आधी तयार हव्यात. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला, अर्ज दोन-चार ठिकाणी गेलेले, वाट माहीत असलेल्या माणसाचा सल्ला घेतलेला, आणि बातमी योग्य वेळेपर्यंत झाकलेली. इस्तिखारा करावा आणि मशवराही. घरच्यांनी शिदोरी बांधून द्यावी, म्हणजे थोडे दिवस कमी पैशात काढायची तयारी दाखवावी. निघताना अमानत परत करावी. हातातले काम, चाव्या, फायली, लॅपटॉप, उचल घेतलेले पैसे. मालक कितीही वाईट असो, आपला हिशेब चोख हवा. ज्याने ठेवी परत केल्या, त्याची मान पुढच्या मुलाखतीत खाली जात नाही.

हे शहर कोणी वसवले

हबशांच्या ज्या देशाने त्या पहिल्या स्थलांतरितांना आसरा दिला, त्याच देशातला एक मुलगा पुढे गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. मलिक अंबर त्याचे नाव. त्याने एका दरबारात आयुष्य काढले नाही. निजामशाहीच्या सरदाराकडून सुटल्यावर विजापूरची चाकरी केली, ती सोडली, स्वतःचे घोडेस्वार जमवले आणि पुन्हा निजामशाहीत येऊन तिचा कर्ताधर्ता झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. त्याने आणलेल्या नहरींचे पाणी शतकानुशतके या शहराने प्यायले. शहागंज, सिटी चौक, रोशन गेट अशा भागांत आज रमजानचा बाजार भरतो, ते शहर नोकरी बदललेल्या माणसाने वसवले आहे. चाकरी सोडणाऱ्याला नमकहराम म्हणण्याआधी या शहराने एवढे तरी आठवावे.

गोष्टीची दुसरी बाजूही इतिहासातच आहे. 1624 च्या भातवडीच्या लढाईत पराक्रम गाजवणारे शहाजीराजे त्यानंतर निजामशाही सोडून विजापूरला गेले. कारणांबद्दल इतिहासकारांत चर्चा आहे. पण कर्तबगार माणसाला आपल्याकडे जागा उरली नाही असे वाटले की तो जातो, मग दरबार कितीही मोठा असो. हा धडा मालकांसाठी आहे.

राजीनाम्याआधी वाचायचे कागद

तयारीत कायद्याचाही भाग येतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घातली होती. दिवसाची मर्यादा दहा तास करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. जादा कामाचे दुप्पट पैसे देण्याचे बंधन मात्र आहेच. 'आमच्याकडे ओव्हरटाइम नसतो' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत मिळायला हवा. नेमणुकीचे पत्र देणे बंधनकारक झाले आहे. मुदतीच्या करारावर असलेल्याला एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कायम कामगाराला त्यासाठी साधारण पाच वर्षे लागतात. पाच वर्षे भरायला दोन-तीन महिनेच उरले असतील आणि तब्येत साथ देत असेल, तर तेवढा काळ काढणे शहाणपणाचे. ही सबुरी हिशेबातली, कारण तिला तारीख आहे. पीएफचे पैसे काढून उडवण्यापेक्षा त्याच यूएएन क्रमांकावर नव्या नोकरीत वळवावेत.

बॉन्डवर सही केली असेल तर तो आधी वाचावा. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. तेव्हा 'बॉन्डला कोण विचारतो' या भरवशावर राहू नये. महिलांसाठी 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते. म्हणून प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, साक्षीदार एका वहीत लिहून ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नयेत. जे लगेच सोडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तर ही वही आणि सोबतचे दोन-चार सहकारी हीच खरी ढाल आहे. एकट्याला दाबणे सोपे असते.

गल्ल्यामागचा माणूस

इथपर्यंत वाचून 'कंपन्या अशाच असतात' म्हणत मान हलवणे सोपे आहे. पण याच रमजानमध्ये आपल्या बाजारातून एक चक्कर मारावी. कपड्यांची, चपलांची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. नान-खलियाच्या हॉटेलांतून सहेरीपर्यंत वर्दळ असते. तिथे थान उलगडणारा, ताटे उचलणारा पोरगा सकाळपासून उभा आहे. त्यालाही रोजा आहे. त्याची तरावीह दुकानातच बुडते. चाँद रातीला तो शेवटचे गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो आणि स्वतःच्या घरच्या कपड्यांसाठी उचल मागताना चारदा अडखळतो. मालक मात्र पहिल्या सफमध्ये नमाज अदा करतो, इफ्तारच्या दावती देतो, जकात काढतो.

कामगाराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस प्रत्येक दुकानदाराला पाठ असते. झेपणार नाही इतके काम हाताखालच्या माणसावर लादू नये, लादले तर स्वतः हात लावावा, हीही शिकवण आहे. हजरत अनस (र.) यांनी प्रेषितांची दहा वर्षे सेवा केली. त्या दहा वर्षांत आपल्याला साधा त्रासिक शब्दही ऐकावा लागला नाही, हे असे का केले म्हणून कधी जाब विचारला गेला नाही, असे त्यांनी सांगितले आहे. या कसोटीवर आपल्यापैकी किती गल्ले टिकतील? मोजकी माणसे असलेल्या लहान दुकानांना दुकाने कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. तिथे मालकाचे ईमान हाच लेबर इन्स्पेक्टर. नोकराचे थकलेले पैसे आधी द्यावेत, जकातीचा हिशेब मग मांडावा. कारण जकात हे दान आहे, मजुरी हे देणे आहे. दावतीत एक ताट कमी झाले तरी चालेल, पण दुकानातल्या पोराला मगरिबच्या आधी घरी पाठवावे.

दस्तरखानावरचा प्रश्न

उरला प्रश्न घरच्यांचा. मुलगा किंवा मुलगी जेव्हा 'आता होत नाही' म्हणते, तेव्हा ती सहसा पहिल्या दिवशी म्हणत नाही. महिनोन्‌महिने मनात घोळवून, ईएमआयचा हिशेब दहा वेळा करून मग ते वाक्य बाहेर पडते. त्यावर 'सब्र कर' हे उत्तर तयार ठेवण्याआधी चार प्रश्न विचारावेत. किती दिवसांपासून चालले आहे? कोणाला सांगितले आहेस? झोप येते का? आणि तू कोणती तारीख ठरवली आहेस?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तारीख ठरली की सोसणे बदलते. ईदनंतर दोन महिने, दिवाळीपर्यंत, ग्रॅच्युइटी पूर्ण होईपर्यंत, नवे पत्र हातात येईपर्यंत. जी काही असेल ती, पण ठरलेली. तोवर उंटिणींना चारा घालायचा, वहीत नोंदी ठेवायच्या, अमानती वेगळ्या काढायच्या. आणि ती तारीख येण्याआधीच तब्येतीने किंवा अब्रूने हात टेकले, तर आजारी माणसाला रोजा सोडण्याची मुभा आहे, हे लक्षात ठेवायचे. त्यात गुन्हा नाही.

आज संध्याकाळीही नगर नाक्यावर बस अडकेल. कुणीतरी विचारेल, "अजून किती मिनिटं?" इफ्तारनंतर, चहा घेताना, घरातल्या कोणीतरी हाच प्रश्न त्या गप्प बसलेल्या मुलाला विचारावा. त्याच्याजवळ उत्तर नसेल, तर ते शोधायला त्याच्यासोबत बसावे.